तीनदा कापलेला दांडा

बुधवारी दुपारी पोस्टाच्या काउंटरवर रजिस्टर्ड पत्रांची थप्पी लावत होतो, तेव्हा फोन आला. सुरतेतल्या कतारगामच्या एका लूम कारखान्याचे शेठ बोलत होते. "हिलालभाई गुजरी गया," मागांच्या खडखडाटातून ते म्हणाले. मी त्यांना विचारलं, कोण हिलालभाई? रविवारी सकाळी ज्या माणसाच्या शेजारी बसून मी चार तास मासे धरले होते, त्याच्याबद्दल मी हे विचारलं. शेठ रागावले नाहीत. माग दुरुस्त करता करता हिलालभाई खाली बसले आणि उठलेच नाहीत, असं त्यांनी सावकाश सांगितलं, आणि मी ते एका कोऱ्या फॉर्मवर लिहून घेतलं. सहा आठवडे झाले, तो फॉर्म अजून माझ्या खिशात आहे.

इस्पितळात पोचलो तेव्हा एक तरुण डॉक्टर कागद भरत होते. त्यांनी विचारलं, यांचा डावा हात दुखायचा का? विनाकारण घाम यायचा का? मी म्हणालो, "नाही." हिलालभाऊंच्या पत्नी, इंदूवहिनी, भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. डॉक्टरांनी पुढचा रकाना भरला. पण त्या प्रश्नासरशी मला सगळं कळून चुकलं होतं आणि मी वहिनींच्या देखत खोटं बोललो होतो.

आमची ओळख प्लेगच्या साली झाली. सगळं सुरत गाव सोडून पळत होतं, आम्हा पोस्टवाल्यांना मात्र रजा नव्हती. रविवारी करमेना म्हणून जुनी गळाची काठी घेऊन मी कामरेजच्या पुलाखाली तापीवर गेलो. सगळा किनारा ओस, आणि फक्त एक माणूस पाण्यात गळ टाकून बसलेला. त्यांनी आधी माझ्या काठीकडे बघितलं, मग माझ्याकडे. ही काठी कुणाची, म्हणाले. मी म्हटलं, माझीच. नाही, म्हणाले, ही कुणा उंच माणसासाठी केलेली आहे, तुम्ही नुसतीच बाळगता. मी मासे खात नाही हे कळल्यावर तर त्यांनी कपाळावर हात मारला. "खातस नही, तं मंग धरतस कसाले?" त्या दिवसापासून माझ्या गळाला लागलेला प्रत्येक मासा डिंडोलीला त्यांच्याच घरी जायचा.

लूममधला हा फिटर काठीचा दांडा, म्हणजे रिळाखालचा हातात धरायचा भाग, माणसाच्या मापाने करून द्यायचा. बाजारातली फायबरची काठी सगळ्यांना सारखीच, पण हात कुठे सारखे असतात, असं त्यांचं म्हणणं. तुम्ही भेटलात की ते आधी हस्तांदोलन करत. लोकांना वाटे, काय सभ्य माणूस आहे! प्रत्यक्षात ते तुमचा तळवा तपासत असत. तळवा कोरडा असला तर मुठीला सायकलच्या ट्यूबचं रबर, घामट असला तर सुताचे घट्ट वेढे आणि वरून मेण. मग कारखान्यातला सुताचा धागा तुमच्या मनगटापासून कोपरापर्यंत धरायचा, गाठ मारायची आणि त्या गाठीपाशी दांडा कापायचा. लांब फेकीसाठी दोन्ही हात लागतात. उजवा हात वर, रिळापाशी, आणि डावा खाली, दांड्याच्या टोकाला. म्हणून डाव्या हाताचं माप ते वेगळं घेत. कुणाचा हात दुखला तर दोष हाताला द्यायचा नाही, दांड्याला द्यायचा, हा त्यांचा नियम. माझा दांडा त्यांनी चार बोटं कमी केला आणि माझी खांद्याची जुनी कळ खरोखरच थांबली. तेव्हापासून त्यांच्या शब्दावर माझा आंधळा विश्वास बसला.

दिवाळीनंतर त्यांचा डावा हात दुखायला लागला.

लूममध्ये वाकून काम, त्यात रविवारी लांब फेकी... ते म्हणाले, दांडा लांब पडतो आहे, डाव्या हाताला ओढ बसते. दोन बोटं कापला. पुढचा आठवडा बरा गेला. मग पुन्हा दुखू लागलं, पुन्हा कापला. त्या शेवटच्या रविवारी ते गार वाऱ्यात बसून घामाने भिजले होते. मुठीवरचं रबर हातातून निसटत होतं. मी त्यांची मस्करी केली. म्हटलं, हिलालभाऊ, तुमचा तळवा बदलला, आता स्वतःला सुताची मूठ करून घ्या. ते हसले आणि तिथेच बसून रबर सोलून सूत गुंडाळायला लागले. मग म्हणाले, करवत डाव्या हाताने दाबून धरवत नाही, एवढा काप तुम्ही घाला. मी घातला. सरळ कापला म्हणून त्यांनी शाबासकीही दिली. दोघे शहाणेसुरते पुरुष एकाच्या हृदयाचं दुखणं काठीतून कापून काढत होतो! आठवलं की अजूनही माझा माझ्यावर विश्वास बसत नाही.

गेल्या आठवड्यात वहिनी गावाहून परतल्याचं कळलं, तेव्हा मी डिंडोलीला गेलो. वाटेत दोनदा रिक्षा परत फिरवावीशी वाटली. त्यांच्या ओट्यावर बसून सगळं सांगितलं. तीन काप, घाम, माझी मस्करी, डॉक्टरांना दिलेलं उत्तर. त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही.

"माले माहीत व्हतं, भाऊ," त्या म्हणाल्या. "रोज मीच तेल लावू. मीच त्यास्ले सांगं, दांडा आखो धाकला करी ल्या."

दांडा अजून आखूड करा, असं त्याच सांगत होत्या. इस्पितळात भिंतीला टेकून त्यांनीही तेच लपवलं होतं, माझ्यासारखंच. इतके आठवडे मला वाटत होतं की ही गोष्ट एकट्या माझ्याच पोटात आहे. मला रडू फुटलं. फोन आल्यापासून पहिल्यांदाच.

वहिनींनी पाणी आणून दिलं. मी निघालो तेव्हा दारापर्यंत आल्या आणि माझ्या डाव्या हाताकडे बघून त्यांनी विचारलं, "तुमना हात दुखत नही ना?"

मी नाही म्हणालो. ते खरंही होतं. पण इस्पितळातल्या त्या 'नाही'नंतर माझ्या 'नाही'ला आता काय किंमत उरली होती! दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोस्ट उघडायला गेलो, तर डिंडोलीहून येऊन त्या पायरीवर बसलेल्या होत्या, मला डॉक्टरकडे न्यायला.