तिळगूळ देऊन भरून घेतलेले फॉर्म

मला राग पटकन येतो, आणि एम.ए.चा प्रबंध मी रागातूनच लिहायला घेतला होता. मी खालापूरला एका कचेरीत कारकून, राहायला दहिवलीत. माझी मोठी जाऊ कळंबला, गावच्या घरी. शेती तीच बघते. सणावाराला गेले की तिचं एक वाक्य ठरलेलं असायचं, "तुला काय गं, पंख्याखाली बसायचं काम." चाळिशीत मी बाहेरून मानसशास्त्राला बसले आणि विषय निवडायची वेळ आली, तेव्हा मला दुसरं काही सुचलंच नाही. नोकरी करणाऱ्या बायका आणि शेती करणाऱ्या बायका, यांत ताण कुणाला जास्त? म्हटलं, एकदा आकड्यांनाच बोलू दे.

पद्धत साधी होती. दोन्ही गटांत सारख्या संख्येने बायका घ्यायच्या आणि सगळ्यांकडून एकच प्रश्नावली भरून घ्यायची. 'मला झोप लागत नाही', 'उद्याची काळजी वाटते' अशी वाक्यं. कधीच नाही तर एक, नेहमी तर पाच. बेरीज होईल तो त्या बाईचा ताण. मग दोन गटांच्या सरासऱ्या काढून टी-चाचणी लावायची. त्यांच्यातला फरक खरा मानावा की नुसता योगायोग, हे ती चाचणी सांगते.

खालापूरच्या बायकांना मी डब्याच्या सुट्टीत एकेकटं गाठलं. कळंबला मात्र दारोदार हिंडायला वेळ कुठला? जावेनं संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलं होतं, सगळ्या आयत्याच येणार होत्या. कुंकू लावलं, तिळगूळ दिला, वाण म्हणून चहाची गाळणी दिली आणि गाळणीबरोबर फॉर्म. तासाभरात गठ्ठा तयार झाला आणि मी माझ्याच हुशारीवर खूश झाले.

उत्तर तर माझ्या मनासारखंच आलं. आम्ही नोकरदार ताणानं वाकलेल्या, शेतातल्या बायका अगदी निवांत, आणि टीचा आकडा हा एवढा मोठा. जावेला काय ऐकवायचं तेही मी बसमध्ये घोकून ठेवलं.

मार्गदर्शक मॅडमनी तक्ता पाहिला. त्यांनी सरासरीवर बोट ठेवलंच नाही, शेजारच्या आकड्यावर ठेवलं. गटातल्या बायका आपल्याच सरासरीपासून किती पांगलेल्या आहेत, ते त्या आकड्यावरून कळतं. खालापूरच्या चांगल्या पांगलेल्या होत्या, कुणी मजेत तर कुणी बेजार. कळंबच्या सगळ्या तळाशी एका रांगेत बसल्या होत्या.

"एवढ्या बायकांत एकीलाही काळजी नाही? माहिती गोळा करताना काहीतरी चुकलंय. शोधून काढा," मॅडम म्हणाल्या. "तोंडी परीक्षेला महिना आहे. नाही जमलं तर पुढच्या वर्षी बसा."

पुढच्या वर्षी! दोन वर्षांचे रविवार घालवून मी इथवर आले होते. 

रविवारी कळंब गाठलं. जाऊ शेतात वाल उपटत होती. मी बांधावरूनच सुरुवात केली, "ताई, तुमच्या बायकांनी फॉर्म खोटे भरले."

तिनं हात थांबवला नाही. "खोटं कशाला भरतील? अगं, संक्रांतीला, कपाळाला कुंकू लावून, दुसरीच्या घरात बसून कोन लिवल की मला झोप लागत नाय? तूच तिळगूळ दिलास, गोड बोला म्हनालीस. आमी गोड बोललो."

मी बांधावर बसले. लहानपणापासून दरवर्षी तेच म्हणत आले होते, आणि मला ते सुचलं नव्हतं.

"आता इचार की," ती म्हणाली.

पर्समध्ये एक कोरा फॉर्म होता. तिचे हात मातीनं भरलेले, म्हणून मी वाचत गेले आणि ती सांगत गेली. झोप लागत नाही? "पाच." उद्याची काळजी? "पाच. पुढं." एकटं वाटतं? ती थांबली. मग माझ्याकडे पाठ ठेवूनच तिनं पाचही बोटं वर केली. बसमध्ये घोकलेलं ते वाक्य मी तिथंच गिळलं.

पुढचे दोन रविवार मी कळंबच्या बायकांना एकेकटं गाठलं, कुणाला शेतात, कुणाला चुलीपाशी. आधीचे फॉर्म रद्द केले आणि मॅडमच्या सांगण्यावरून ती चूक प्रबंधात जशीच्या तशी लिहिली. या वेळी कळंबच्या बायकाही छान पांगल्या. दोन सरासऱ्या इतक्या जवळ आल्या की फरक मानण्याजोगा राहिलाच नाही.

मला वाटलं, संपलं सगळं. एवढं करून हाती काय, तर काहीच नाही. मॅडम मात्र पहिल्यांदा हसल्या. "फरक सापडला नाही, हेही उत्तरच असतं. फक्त दोन्ही गट सारखे आहेत असं लिहू नका. फरक आढळला नाही, एवढंच लिहा."

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी सगळ्यात जास्त तिळगुळाबद्दलच विचारलं आणि मी पास झाले. घरी परतताना कर्जतला उतरून उसाचा रस प्यायले, एकावर एक दोन ग्लास. कितीतरी दिवसांनी छाती मोकळी झाली होती.

पेढे घेऊन कळंबला गेले. जावेनं पेढा हातात घेतला, तोंडात घातला नाही. "मंग, कोनाला जास्त निघालं?"

"फरक सापडला नाही, ताई."

"तुमी पंख्याखालच्या पन?"

"आम्हीपण."

"आन गावातल्या बाकीच्या?"

"त्यापण."

ती हळूच पायरीवर बसली. "बरं झालं बाई," ती म्हणाली. "मला वाटायचं, सगळ्याजनींना जमतं, मलाच जमत नाय."