वाऱ्याने उलगडलेली पट्टी

शुक्रवार : देवबागचा वारा छत्रीउडीस अयोग्य असल्याचे पंचांचे पत्र उत्सव समितीच्या चिटणिसांना मिळाले, पोच माझ्याजवळ आहे. शनिवार : अध्यक्षांनी कार्यक्रम ठरल्याप्रमाणे होणार, असे जाहीर केले. रविवार : माझी भाची शालिनी गेली. हे दोघे, आणि ‘अपघात’ असा शेरा मारणारे चौकशी अधिकारी, असे तीन जण मी जबाबदार धरतो.

शालू मालवणची. पन्नास सालानंतर शिकायला म्हणून बाहेर गेली आणि विमानातून छत्रीने उतरायला शिकून परतली. माझी बहीण कपाळावर हात मारून म्हणाली, “गो, माडार चडलेली बायल मी बघूक नाय, आणि तू इमानातसून उडी मारतंस?” शालू म्हणाली, “माडार चडाक लागता गो आये. हय नुसता उतराचा!” ... स्पर्धेत जमिनीवरच्या खुणेपासून पाऊल किती दूर पडले, ते मोजतात. दहा वर्षे तिचे पाऊल इतरांनी मोजले. पुढे पंच होऊन ती इतरांचे मोजू लागली. तिचीच शिष्या कुसुम एकदा कुरकुरली, “ताई, बोटभरच तर चुकलं!” “बोट तुझं, टेप माझी,” एवढेच उत्तर मिळाले.

ती खूण म्हणजे दोन पांढऱ्या कापडी पट्ट्यांची फुली. फुली पुरी दिसली तर उडी. वारा वाढून पंचाने आडवी पट्टी गुंडाळली, तर विमान माघारी. “मामा, वरसून माका माणसा दिसनत नाय. फुली दिसता, तेवढ्यार मी दार सोडतंय.” वकिली खोडीने मी विचारले, “आणि फुलीच खोटी निघाली तर?” ती हसली. “पंच खोटो बोलना नाय, मामा.” त्या उत्तराने मला बरे वाटले नव्हते...

त्या रविवारी उत्सवातली पहिली उडी शालूची होती आणि खाली, आता पंच झालेली, कुसुम. विमान घिरट्या घेत असतानाच वारा उठला. कुसुमने आडवी पट्टी गुंडाळली आणि मांडवात जाऊन अध्यक्षांना तसे सांगितले. “पाहुणे उन्हात ताटकळलेत, बाई,” म्हणत त्यांनी तिला बोलण्यात गुंतवले. ती बाहेर आली तेव्हा फुली पुरी होती, आणि शालूची छत्री लाटांच्याही पलीकडे, समुद्रावर ढकलली जात होती. होडी पोचेपर्यंत दोऱ्यांनी तिला वेढले होते.

पट्टी वाऱ्याने उलगडली, असे अहवाल म्हणतो. वादापुरते मी तेही मान्य करतो. परंतु त्याच संध्याकाळी मी स्वतः त्या जागी उभा राहिलो, तेव्हा आडव्या पट्टीच्या दोन्ही टोकांवर एकेक जांभ्याचा चिरा ठेवलेला होता. देवबाग म्हणजे निव्वळ वाळू. तिथे चिरा सापडत नाही. मांडवाच्या पायरीला मात्र चिरे लावले होते, आणि त्यातले दोन जागेवर नव्हते. वारा कापड उलगडतो, अध्यक्षमहाशय. ते पुन्हा उडू नये म्हणून त्यावर वजन ठेवीत नाही. ते चिरे कोणी वाहिले आणि कोणाच्या सांगण्यावरून, ती दोन नावे, हे पत्र छापणाऱ्या वर्तमानपत्राच्या याच पुरवणीत, आपल्या सहीनिशी, प्रसिद्ध करा.