छावणीत घोकलेलं क्रियापद

उसाच्या वाढ्यांचा, म्हणजे हिरव्या शेंड्यांचा, ओलसर गोड वास आला की मला कडा गावाजवळची दुष्काळातली चारा छावणी आठवते. इटलीतल्या गोठ्यांत माणसं घेतात असं ऐकून मी बीडला इटालियन शिकायला जात होतो आणि संध्याकाळी आमच्या म्हशीशेजारी बसून ‘धार काढणे’ याचं इटालियन क्रियापद घोकत होतो: मुंगो, मुंजी, मुंजे, मग भविष्यकाळ, मुंजेरो, मुंजेराय. आई एरवी गुणगुणत धार काढायची, त्याशिवाय म्हैस पान्हा सोडायचीच नाही; पण छावणीतल्या धुळीनं आईचा आवाज बसला आणि म्हैस आटल्यासारखी झाली. एका संध्याकाळी आई तरीही धारेला बसली, आणि माझ्या घोकण्यावर म्हशीनं कान पाडले आणि चरवीत धार वाजली. मी दचकून गप्प झालो. “थांबलास कावून? म्हण की,” आई घोगऱ्या आवाजात म्हणाली, “लई दिसांनी सोडलंय तिनं.” मग मी भूतकाळ, आज्ञार्थ, संकेतार्थ, सगळं म्हणत गेलो, चरवी भरेपर्यंत. छावणीतलं दूध न्यायला रोज येणारी दूध संघाची गाडी मात्र आली नाही. सगळ्याच छावणीतलं दूध आटत चाललं होतं; त्या दिवसापासून ती कधीच आली नाही. पुढं म्हैस बाजारात गेली, इटलीहून बोलावणं आलं नाही. आता गोठ्यात माझी मोटारसायकल असते, आणि वाढ्यांची मोळी घेऊन कुणी दारावरून गेलं की माझे ओठ आपोआप हलू लागतात, मुंजेरो, मुंजेराय.