कचरूशेटचा सायकलीचा नवस

भोकरदनचे बी-बियाणांचे व्यापारी कचरूलाल शेट यांना बढाई मारायची सवय नव्हती. पण पाडव्याच्या जेवणानंतर जावयासमोर ती मारली गेली, त्याला काय करणार? जावई रजत पुण्याहून शेटची लेक कनिका हिला घेऊन दिवाळीला आला होता, आणि येताना गाडीच्या पाठीमागे दोघांच्या दोन सायकली बांधून आला होता.

"बाबूजी," रजत म्हणाला, "डांबरी सोडून मुरमाच्या रस्त्यांनी राजूरपर्यंत जावं म्हणतो. कापूस फुटलाय, हवा छान आहे. बघत बघत जायचं."

"त्यात काय, कंवरसा," शेट म्हणाले. जावयाला कंवरसा म्हणायची त्यांच्यात रीत. "ह्या सगळ्या पाणंदी मी सायकलीनं पालथ्या घातल्यात. मागं कापडाचं गाठोडं बांधून."

हे खरं होतं. फक्त तेव्हा शेटचं लग्नही झालं नव्हतं, आणि पुढची सगळी वर्षं ते दुकानातल्या गादीवर बसून होते. शेटच्या पत्नी भगवतीदेवींनी स्वयंपाकघरातूनच आवाज दिला, "मग जाऊन दाखवा की!"

भाऊबीज आटोपली आणि दोन दिवसांनी सकाळी शेट कनिकाच्या सायकलीवर बसले. रजतने त्यांना मागे गादी शिवलेली काळी घट्ट चड्डी आणून दिली होती. शेटनी ती दोन बोटांनी धरून पाहिली आणि परत केली. "ह्या चड्डीत गिऱ्हाइकानं बघितलं तर उद्यापासून दुकान कोणत्या तोंडानं उघडू?" ते रोजच्या पांढऱ्या लेंग्यातच निघाले.

सुरुवात झकास झाली. मुरूम चाकाखाली करकर वाजत होता, बांधावरच्या गवतावर दव होतं, तूर पिवळ्या फुलांवर आली होती. रजत म्हणाला, "किती सुंदर आहे, नाही?" शेट म्हणाले, "हां. हे बी आपल्याच दुकानातलं." पुढच्या वावरातली कपाशी आणखी भरलेली होती. ती मात्र दुसऱ्या दुकानातली होती, म्हणून शेटनी तिकडे बघायचं टाळलं.

पहिला चढ आला तसा रजत पुढे गेला तो दिसेनासाच झाला. शेटचा लेंगा चेनमध्ये अडकला आणि गुडघ्यापर्यंत टरकला. पुढे ओढा लागला. त्यात घोट्यापर्यंत पाणी होतं, म्हणून त्यांनी बूट काढून हँडलला लटकावले. रजतने घालायला लावलेल्या हेल्मेटमध्ये डोकं शिजायला लागलं, तेव्हा तेही लटकावलं आणि डोक्याला रुमाल बांधला. सीटने तर असा सूड उगवला होता की पलीकडे चढल्यावर शेट पाय फाकवून, सायकल हातात धरून, अनवाणीच चालत होते.

अशा अवस्थेत त्यांना धर्मराज भेटला. जुनं गिऱ्हाईक. वेचलेल्या कापसाचं ओझं बांधावर टाकून तो बघतच राहिला.

"राम राम शेट! गाडी बंद पडली का?"

"न्हाई. गाडी घरी हाय."

"मंग पायी?"

"सायकल हाय की. असंच, फिरून राह्यलो."

"असंच?" धर्मराजचा आवाज एकदम मऊ झाला. "घरी समदं बराबर हाय ना?"

त्या आवाजातली दया शेटना सोसवली नाही. संध्याकाळपर्यंत तालुकाभर होणार, कचरूशेटचं डोकं फिरलं. तोंडाला आलं ते शेट बोलून गेले, "नवस हाय. राजूरच्या गणपतीला सायकलीनं जायचा."

धर्मराजने दोन्ही हात जोडले. "आज चतुर्थीच हाय! म्हणूनच तुम्ही अनवाणी!"

आज चतुर्थी आहे हे शेटना तेव्हाच कळलं. ते सायकलीवर चढेपर्यंत धर्मराजने फोन कानाला लावला होता.

पुढच्या वस्तीवर धर्मराजची बहीण सगुणाबाई ताट घेऊन उभीच होती. तिने शेटच्या पायांवर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं आणि चाकालाही लावलं. शेजारच्या टपरीवर कांद्याची भजी निघत होती. शेटनी तिकडे पाहिलं मात्र, सगुणाबाई टपरीवाल्यावर कडाडली, "कढई झाक तिकडं! मान्साला उपास हाय!" मग तिने शेटच्या हातात एक केळं ठेवलं. शेटनी ते सालीला चिकटलेल्या धाग्यांसकट खाल्लं.

वस्ती मागे पडल्यावर सगुणाबाईच्या पोराचा, पप्पूचा टेम्पो आला, सीताफळांचे कॅरेट भरून राजूरलाच चाललेला. शेटनी रस्त्याच्या मधोमध उभं राहून हात केला.

"पप्पू, सायकल वर टाक अन् मला पुढं बसव. जल्दी."

पप्पू जीभ चावून म्हणाला, "न्हाई शेट. मामाचा फोन आल्ता. तुमचा नवस माझ्या टेम्पोत मोडला तर मला पाप."

"अरे, गणपतीला काय कळतंय!"

"देव परीक्षा पाहून राह्यला, शेट. तुम्ही हिंमत सोडू नका. मी हाय मागं."

आणि तो खरंच मागे राहिला. टेम्पोवर गणपतीची गाणी मोठ्याने लावून, पहिल्या गिअरमध्ये, राजूरपर्यंत. शेट पायडल मारायचे थांबले की पप्पू हॉर्न वाजवायचा. वावरातली माणसं बांधावर येऊन हात जोडत होती, आणि शेटनाही दर वेळी एक हात सोडून जोडल्यासारखं करावं लागत होतं.

देवळाच्या पायऱ्यांशी रजत कधीचा पोचला होता. भगवतीदेवी आणि कनिका गाडीने येऊन थांबल्या होत्या. भोकरदनात फोन पोचायला कितीसा वेळ लागतो? भोवती बायका जमल्या. एकीने विचारलंच, "शेट, नवस कशाचा वो?"

शेट डोक्याचा रुमाल सोडून घाम पुसायला लागले. भगवतीदेवी शांतपणे पुढे आल्या.

"माझ्या गुडघ्यांचा. पाच चतुर्थ्या सायकलीनं येणार म्हणून बोललेत."

बायका गहिवरल्या. एकीने तर आपल्या नवऱ्याकडे असं पाहिलं की तो चपला सांभाळायच्या निमित्ताने खाली उतरला.

परतताना गाडीत शेट उशीवर तिरके बसले होते. "पाच कशाला म्हणालीस? मी नवस बोललोच नव्हतो."

"देवाचं नाव तुम्ही घेतलंत. मी आकडा घातला." मग त्या म्हणाल्या, "सकाळपासून दुकानाला एक फोन केला नाहीत तुम्ही. लक्षात आलं का?"

शेटच्या लक्षात आलं नव्हतं.

मार्गशीर्षातल्या चतुर्थीला ते निघाले तेव्हा थंडी पडली होती. कनिका सायकल ठेवून गेली होती. लेंग्यावरून पोटऱ्यांना दोऱ्या बांधून, मफलर गुंडाळून ते एकटेच गेले आणि दुपार कलल्यावर परतले. दुसऱ्या दिवशी उपास सोडताना सांगायला लागले, "ओढ्यापलीकडं हरणं होती. हरभऱ्यात. मला बघून पळाली न्हाईत."

"किती होती?" भगवतीदेवींनी विचारलं.

शेटनी आठवून पाहिलं. "मोजली न्हाईत," ते म्हणाले, आणि भाकरी मोडून घेतली.