चिंचेखालचं माप

माझ्या अकुओल आत्याला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण तिच्या हातचं माप कधी चुकलं नाही. विमानातून ज्वारी यायची, मदत संस्थेचे लोक यादी वाचायचे आणि साठ घरांना एकेक पोतं मिळायचं. साहेब लोकांची पाठ वळली की ती सगळी पोती गावच्या चिंचेखाली जमायची. तिथे आत्या कोरलेल्या भोपळ्याचं माप घेऊन बसायची आणि यादीत असो वा नसो, प्रत्येक घराला सारखं वाटायची. आम्हा डिंका लोकांची ही जुनी रीत. एकट्याने पोटभर खाणाऱ्याच्या दारात अडल्या वेळी कोण उभं राहील?

ती यादी मीच केलेली. मी संस्थेचा दुभाष्या. राजधानीत मोठ्या पुढाऱ्यांचं बिनसलं, लढाई पेटली आणि इथे आमची गुरं गेली, गेल्या सालच्या पेरण्या बुडाल्या. आता सगळं गाव उपाशी असताना त्यातले सर्वांत गरीब साठ निवडा म्हणे! मी देवाचं नाव घेऊन साठ नावं खरडली. त्यात आत्याचंही घातलं, खोटं कशाला बोलू? चिंचेखालच्या वाटपाबद्दल मात्र संस्थेला अवाक्षर सांगितलं नाही. शहाणपण म्हणा, नाहीतर भित्रेपणा.

त्या पावसाळ्यात नैरोबीहून वेकेसा नावाचे नवे साहेब आले. वाटप उरकून निघाले आणि त्यांची गाडी ओढ्याच्या चिखलात रुतली. माणसं बोलवायला ते पायी परत आले, ते थेट चिंचेपाशी. पोती, रांग, आत्या, सगळं समोर.

"मालुआल, हे काय?"

"ते... जरा मोजदाद चाललीय."

"मला खुळा समजतोस? बायांकडून पोती काढून घेतलीत तुम्ही. याला लूट म्हणतात. मी हे कळवलं तर पुढच्या महिन्यात विमान येणार नाही."

पीक हाती यायला अजून दोन महिने होते. एरवी मी साहेबांचं बोलणं मऊ करून सांगायचो, त्या दिवशी जसंच्या तसं सांगितलं.

आत्या जागची हलली नाही. "त्याला म्हणावं, बस इथे. आज माप तू घाल. ज्याला द्यायचं नाही त्याला तुझ्याच तोंडाने नाही म्हण."

"हात सैल सोडा हं साहेब!" रांगेतून कुणीतरी ओरडलं. "धान्य काही तुमच्या सासरचं नाही!"

बाया फिदीफिदी हसल्या. वेकेसा रागारागाने बसले, गुडघ्यावर यादी उघडली. पहिल्या तिघी यादीतल्या निघाल्या. चौथी अयुएन, दिवस भरत आलेली, यादीत नसलेली. तिने टोपली पुढे धरली. साहेबांनी यादीवरून दोनदा बोट फिरवलं, मग तिच्याकडे पाहिलं आणि माप ओतलं.

"बोटभर कमी आहे," आत्या म्हणाली. साहेबांनी मुकाट्याने भर घातली. त्यानंतर त्यांनी यादी पाहिली नाही. मला बरं वाटलं. वाटलं, सुटलो.

रांग संपत आली तेव्हा दिसलं, दूर बांधावर एक बाई दोन पोरं घेऊन उभी आहे. न्यागोआ. नदीपलीकडची, नुएर जमातीची, म्हणजे आमच्याशी लढणाऱ्यांतली. तीन आठवड्यांपूर्वी जीव वाचवून पळत आली होती आणि गावाबाहेर पडून होती. त्याच पलीकडच्या लढाईत आत्याचा थोरला, माबिओर, मारला गेला होता. त्याचं प्रेतही हाती लागलं नव्हतं. न्यागोआला चिंचेखाली कुणी नाही म्हटलं नव्हतं, कारण कुणी बोलावलंच नव्हतं.

वेकेसांनी विचारलं, "ही माझ्या यादीत नाही. तुमच्या आहे का?"

त्यात कुचेष्टा नव्हती, त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. तरी मला त्यांचा संताप आला. आत्या नाही म्हणाली असती, तर आमची रीत म्हणजेही एक यादीच ठरली असती. मी खालच्या आवाजात साहेबांचा प्रश्न आत्याला सांगितला.

आत्याने त्या पोरांकडे पाहिलं. मग म्हणाली, "मालुआल, तुला त्यांची बोली येते. तिला विचार, तिकडे आमचं माणूस पडलं तर पुरतात का?"

मी विचारलं. न्यागोआने मान वर केली नाही. "माझ्या सासऱ्यांनी पुरली सगळी. आमची पुरली, तुमचीही पुरली. उघड्यावर कुणाला ठेवलं नाही."

मी ते आत्याला सांगितलं. तिने साहेबांच्या हातून माप घेतलं, शिगोशीग भरलं, उठून बांधापर्यंत गेली आणि न्यागोआच्या टोपलीत ओतलं.

"तिला सांग, पुढच्या वेळी लांब उभी राहू नकोस."

वेकेसांनी काही कळवलं नाही, विमान येत राहिलं. आत्या मात्र त्या दिवशी उरलेलं वाटप माझ्यावर सोपवून घरी गेली आणि माबिओर गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडली.