वरच्या पट्टीची सक्ती

कोल्हापुरात आम्ही नव्याने राहायला आलो होतो, त्या वर्षातला एक रविवार. शिवाजी पेठेतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये समूहगानाची कार्यशाळा होती आणि शेजारच्या सुरेखाने मला अक्षरशः ओढत नेलं. मी गेले, पण गायचं नाही हे ठरवूनच...

कारण माझा आवाज! जाडाभरडा, पुरुषी. शाळेत बाईंनी सांगितलं होतं, "तू नुसते ओठ हलव." तेव्हापासून मी बारशालासुद्धा तोंड उघडलं नव्हतं.

गाण्याला चाल लावणारे सर स्वतः पेटीवर. गाऊन घ्यायला पुण्याच्या एक बाई आल्या होत्या, नुसत्या हाताच्या इशाऱ्यावर सगळ्यांना नाचवत होत्या. बायकांची चाल वरची, पुरुषांची खालची, दोन्ही एकदम म्हणायच्या. पण आपल्याला सवय आरतीची ना, सगळ्यांनी एकाच चालीत म्हणायची... दुसऱ्या ओळीला सगळे पुरुष बायकांच्याच चालीत घुसायचे. सर वैतागून पेटी थांबवायचे.

बाई एकेकाजवळ कान देत फिरायला लागल्या. माझ्यापाशी थांबल्या. "तुमचा आवाज कुठाय?"

मेले! घाबरत गायले, तर वर जाताना आवाज फाटलाच. मागून खसखस पिकली. बाई हसल्या नाहीत, म्हणाल्या, "तुम्ही पुरुषांत उभ्या राहा."

लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. पर्स उचलून सरळ घरी जावं असं वाटत होतं. तेवढ्यात पुरुषांतले एक भरदार मामा, पेठेतल्या तालमीतले जुने पैलवान, बाजूला सरकले. "या ताई, हिकडं जागा हाय की."

गाणं सुरू झालं... आणि काय सांगू, गळा दुखेना! खालच्या पट्टीत आवाज आपोआप मोकळा लागला. दुसरी ओळ आली, गेली, मी आपली चाल सोडली नाही. आजूबाजूचे पुरुषही सोडेनात. पहिल्यांदाच गाणं न थांबता शेवटपर्यंत गेलं!

"ताई, तुमी जागा सोडू नगा," मामा घाम पुसत म्हणाले. "तुमाला धरूनच म्हणतोय आमी."

हुश्श... इतकं हलकं वाटलं की मी तिथेच रडले. सुरेखा घाबरली, तिला वाटलं अपमान झाला म्हणून रडतेय.

त्या पुण्याच्या बाई पुन्हा कधी भेटल्या नाहीत. बाई, तुम्ही कुठे असाल तिथे सुखी राहा... माझ्या आवाजात काही खोट नाही, हे मला तुमच्याआधी कुणी दाखवून दिलंच नव्हतं हो.