मामांच्या फटफटीचा चार्जर

मामांची अकोल्याला बदली झाली आणि त्यांची फटफटी अमरावतीला आमच्याकडे राहिली. उभ्या गाडीची बॅटरी उतरू नये म्हणून चार्जर निवडायचं काम माझ्याकडे आलं. मी सर्वांत लहान आणला. खरं सांगतो, तो लावायचा नव्हताच; चोरून बडनेऱ्यापर्यंत गाडी हाणली की बॅटरी आपसूक भरायची.

मामा आले, गाडी बटण दाबताच सुरू झाली. सोबतच्या वकील मित्राला ते म्हणाले, "भाच्यानं निवडला हा चार्जर. तुमची गाडीबी पडून राहते, तुमीबी हाच घ्या."

वकीलसाहेबांची बॅटरी मेली असती तर माझं बिंग फुटलं असतं. मी त्यांना हळूच म्हटलं, "दर रविवारी गाडी थोडी फिरवून आणत जा. त्याबिगर हा चार्जर लागू पडत नाही."